विचित्र खुर्चीला हसू नका, तिला जाब विचारा

डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या एखाद्या चमत्कारिक खुर्चीचा फोटो फिरू लागला की लगेच दोन गट पडतात. पहिला म्हणतो, खुर्ची बसायला असते, हे नखरे कशाला; एवढ्या खर्चात एखाद्या शाळेला बाकं आली असती. दुसरा म्हणतो, ही कला आहे आणि कलेला उपयोग विचारायचा नसतो. नागपुरातही वाद याच दोन वाक्यांवर अडतो, मग विषय कॉलेजच्या प्रदर्शनाचा असो की तलावाकाठी नव्या धर्तीची बाकं बसवण्याचा. भांडणाऱ्यांपैकी फार थोडे लोक ती खुर्ची उलटी करून बघतात. सांधे कसे केलेत, वजन किती, बैठक जमिनीपासून किती उंच, एक पाय मोडला तर लकडगंजातला मिस्त्री तो बदलून देऊ शकेल का, ही चौकशी दोन्ही बाजूंना नकोशी असते. एक बाजू बघताक्षणी नापास करते, दुसरी बघताक्षणी पास. माझं म्हणणं असं आहे की विचित्र खुर्ची हा एक प्रयोग असतो. तो करण्याची मुभा मोकळ्या हातानं द्यावी आणि त्याचा निकाल कडकपणे मागावा. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जाणाऱ्या, चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान आणि बांबू हाताशी असणाऱ्या नागपूरला तर असे प्रयोग इतर शहरांपेक्षा जास्त हवेत.

ज्या ‘साध्या’ खुर्चीची बाजू घेऊन हे सगळं बोललं जातं, ती आली कुठून? जुन्या इराणी हॉटेलांत दिसणारी गोल बैठकीची, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची घ्या. तिचा मूळ नमुना म्हणजे मिखाएल थोनेट या जर्मन सुतारानं १८५९ साली आणलेली १४ नंबरची खुर्ची. चांगली खुर्ची म्हणजे कोरीव काम आणि खाचेत बसवलेली कुसवं (लाकडाची तासलेली टोकं) असं मानलं जायचं, त्या काळात थोनेटनं सुताराचे पारंपरिक सांधेच काढून टाकले. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, एवढ्यात त्याची खुर्ची उभी राहिली. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. हे त्याला पहिल्या फटक्यात साधलं नव्हतं. आधी त्यानं पातळ पट्ट्या सरसानं चिकटवून वाकवल्या, पण दमट हवेत सरस सुटू लागला. मग बीच नावाच्या झाडाचं भरीव लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायला घेतलं, तर ते बाहेरच्या बाजूनं चिरायचं. याचं कारण असं की वाफवलेलं लाकूड दाबलं तर लांबीच्या जवळपास पाव भागापर्यंत आखडू शकतं, पण ताणलं तर एक-दोन टक्क्यांतच फाटतं. थोनेटनं वाकाच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी घट्ट अडकवली. ताण पट्टीनं घेतला, लाकडाच्या वाट्याला फक्त दाब आला आणि चिरणं थांबलं. १८५६ मध्ये या पद्धतीचं पेटंट मिळालं, आणि त्यानं कारखाना मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) बीचच्या जंगलांजवळ उभारला. १९३० पर्यंत या एका खुर्चीचे सुमारे पाच कोटी नग विकले गेले. आज जिला आपण जुन्या वळणाची म्हणतो ती त्या वेळी सुतारकामाच्या सगळ्या संकेतांना सोडून केलेली होती.

पुढचा टप्पा तर डोळ्यांना आणखी खटकणारा होता. मार्सेल ब्रॉयरनं १९२५-२६ मध्ये सायकलच्या हँडलसारख्या वाकवलेल्या पोलादी नळीची खुर्ची केली. पाठोपाठ मार्ट स्टाम या डच वास्तुरचनाकारानं गॅसच्या नळ्या जोडून मागचे पायच नसलेली खुर्ची बनवली आणि १९२७ मध्ये ती स्टुटगार्टच्या घरबांधणी प्रदर्शनात मांडली. मागे पाय नाहीत म्हणजे माणूस मागे पडणार, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात वजन पुढच्या वाकातून जमिनीवरच्या नळीत उतरतं आणि ती नळी मागेपर्यंत गेलेली असल्यानं खुर्ची उलटत नाही. आज बँकांत, कार्यालयांत, डॉक्टरांच्या दवाखान्यात त्याच धाटणीच्या खुर्च्यांवर आपण निमूट बसतो. फिन्निश वास्तुरचनाकार अल्वार आल्टोनं याच लाटेतून नेमकं उलटं काही उचललं. फिनलंडमधल्या पाइमिओच्या क्षयरोग रुग्णालयासाठी खुर्ची करताना त्याला पोलादी नळी नको होती, कारण थंड देशात धातू अंगाला गार लागतो. त्यानं १९३१-३२ मध्ये बर्च झाडाच्या प्लायची एक सलग लवचीक बैठक वाकवली आणि पाठीचा कल असा ठेवला की रुग्णाला श्वास घेणं सोपं जावं. तिकडे थंडीमुळे धातू नको झाला, इकडे उन्हामुळे व्हायला हवा होता. उघड्यावर, बसस्टॉपवर, मैदानाच्या कडेला स्टीलची बाकं बसवताना हा विचार आपल्याकडे कोणी केला?

विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा पैशाचा किंवा सौंदर्याचा नाहीच, तो समतेचा आहे, आणि तो सहसा कोणी मांडत नाही म्हणून इथे पूर्ण मांडायला हवा. कोणी कशावर बसायचं हे आपल्याकडे जातीनं ठरत आलं. शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलेल्या भीमराव आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. गावाकडे ओसरीवरची खुर्ची कोणाची, बाज कोणाची आणि जमीन कोणाची हे न बोलता ठरलेलं असायचं. ते बदलण्याचं मोठं काम चळवळीनं आणि कायद्यानं केलं. पण रोजच्या व्यवहारात त्याला जोड दिली ती दोन-अडीच किलोच्या, एकावर एक रचता येणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीनं. लग्नाच्या मांडवात, वस्तीतल्या सभेत, तेराव्याच्या जेवणात सगळ्यांना तीच खुर्ची, त्याच उंचीवर. नावाजलेल्या कुठल्याही डिझायनरच्या सहीच्या खुर्चीला हे जमलेलं नाही. तेव्हा ‘साधी, स्वस्त, सगळ्यांना पुरेल अशी खुर्ची द्या’ असं म्हणणारा माणूस अडाणी ठरत नाही. त्याच्या म्हणण्यामागे मोठा अनुभव आहे.

पण ही प्लास्टिकची खुर्ची तरी साधेपणातून जन्मली का? खुर्ची एकाच तुकड्यात, सांध्याशिवाय, साच्यातून थेट बाहेर यावी हा अनेक वर्षं डिझायनरांचा हट्ट होता, आणि त्या काळी तो वेडेपणाच वाटावा असा होता. इटलीत ज्यो कोलंबोनं १९६५ च्या सुमारास केलेल्या खुर्चीचे पाय अजून वेगळे जोडावे लागत होते. विको माजिस्ट्रेटीनं १९६९ मध्ये पायही त्याच तुकड्यात आणले. पातळ प्लास्टिकचा पाय लचकतो, म्हणून त्यानं पायाचा छेद इंग्रजी ‘एस’च्या वळणाचा ठेवला. जाडी तेवढीच, पण घडी पडल्यामुळे ताठपणा कितीतरी वाढला. फ्रान्समध्ये आँरी मासोनेनं १९७२ मध्ये साच्यातून खुर्ची निघायला लागणारा वेळ दोन मिनिटांच्या आत आणला आणि तिथून ही खुर्ची स्वस्त होत जगभर गेली. मांडवातली समता आपल्याला मिळाली ती या विचित्र खुर्च्यांच्या खटपटीतून. त्या वेळी ‘आहे ती लाकडी खुर्ची काय वाईट आहे’ म्हणून कोणी ते काम थांबवलं असतं, तर नुकसान श्रीमंतांचं झालं नसतं.

यावर एक रास्त प्रत्युत्तर येतं. थोनेट, स्टाम, माजिस्ट्रेटी यांची नावं आज घेता येतात, कारण ते टिकले. त्यांच्या एकेका खुर्चीमागे विस्मरणात गेलेल्या हजारो निरुपयोगी खुर्च्या आहेत. विजेत्यांची यादी वाचून प्रत्येक वेडेपणाला शहाणपण म्हणायचं का? नाही म्हणायचं. टिकलेल्या खुर्च्यांमध्ये एक समान धागा दिसतो आणि तो आधीच तपासता येतो. त्यांचं वेगळेपण आकारातून आलेलं नव्हतं. वाफ आणि लोखंडी पट्टी, नळीचा वाक, साच्यातला प्लास्टिकचा प्रवाह, म्हणजे वस्तू बनवण्याच्या रीतीतून ते आलं. किंवा क्षयरोग्याच्या छातीसारख्या शरीराच्या एखाद्या गरजेतून. आकार मागाहून ठरला. उलट ज्या खुर्चीत आकार आधी ठरतो आणि लाकूड-लोखंड त्याला बळेच वाकवलं जातं, ती बहुतेक वेळा फोटोपुरती राहते. नागपूरची ओळख म्हणून संत्र्याच्या फोडीच्या आकाराचं फायबरचं बाकडं करावं, ही सूचना दर काही दिवसांनी कोणीतरी करतोच. त्या बाकड्यात नवं काय आहे? बनवण्याची रीत तीच, बसण्याची रीत तीच, आणि फोडीच्या खोलगट भागात पावसाचं पाणी साचणार. ही विचित्र खुर्ची नव्हेच. नेहमीच्या खुर्चीला वरून चढवलेला तो पोशाख आहे.

अलीकडच्या खुर्च्या या कसोटीवर घासून बघा. मार्सेल वांडर्सनं १९९६ मध्ये अॅरामिड (एक चिवट कृत्रिम धागा) आणि कार्बन तंतूंचा दोर हातानं गाठी मारून खुर्चीच्या आकारात विणला, रेझिनमध्ये भिजवला आणि चौकटीत टांगून वाळवला. झोळ किती पडेल हे दोराच्या वजनानं ठरवलं आणि वाळल्यावर तीच बैठक झाली. योरिस लार्मानच्या २००६ च्या ‘बोन चेअर’मध्ये, हाड जसं ताण नसलेल्या जागचा ऐवज कमी करतं, तसं गणित संगणकाकडून करवून अॅल्युमिनियम ओतलं आहे. शिरो कुरामातानं १९८६ मध्ये आतला सांगाडाच काढून टाकून नुसत्या स्टीलच्या जाळीची आरामखुर्ची केली. जाळीच्या वक्र पत्र्यांनीच एकमेकांना पेललं. तिघांचंही उत्तर सगळ्यांना पटेल असं नाही. जाळीवर तासभर बसणं सुखाचं नसणार आणि हातानं गाठी मारलेली खुर्ची स्वस्त होणार नाही. तरी प्रत्येकीत ज्याचा दुसरीकडे उपयोग होईल असं काहीतरी शिकायला मिळतं. चार्ल्स ईम्स आणि एरो सारिनेन यांनी १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्पर्धेसाठी दोन दिशांनी वाकलेल्या प्लायच्या खुर्च्या केल्या. लाकूड चिरायचं, म्हणून ती उघडी ठेवता आली नाही, वरून कापड चढवावं लागलं. व्यापारी अर्थानं तो प्रयोग फसला. पण प्लाय वाकवण्याचं तेच काम पुढे नेत चार्ल्स आणि रे ईम्स यांनी अमेरिकी नौदलासाठी जखमींच्या पायाला बांधायच्या प्लायच्या खपच्या केल्या, दीड लाखाच्या घरात. १९४५-४६ मध्ये त्यांची प्लायची खुर्ची बाजारात आली ती या खपच्यांवर हात बसल्यानंतर.

पैशाचा आक्षेपही टाळण्यासारखा नाही. मार्क न्यूसनची अॅल्युमिनियमचे पत्रे ठोकलेली लॉकहीड लाउंज नावाची आरामखुर्ची २०१५ मध्ये लंडनच्या लिलावात २४ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. चंडीगडच्या कचेऱ्यांसाठी वास्तुरचनाकार पिएर जानरेच्या हाताखाली सागवान आणि वेतात केलेल्या खुर्च्या आपण भंगारात काढल्या आणि त्याच परदेशात लाखोंना विकल्या गेल्या. त्यावरून काही लोक म्हणतात, बघा, जगाला कळलं, आपल्याला नाही. हा युक्तिवाद मला मान्य नाही. लिलावाची किंमत खुर्चीचा दुर्मीळपणा सांगते, तिच्यावर पाठ दुखते की नाही हे सांगत नाही. जानरेच्या खुर्चीचं मोल तिच्या जाड, उलट्या ‘व्ही’सारख्या पायांत आहे. ते पाय साध्या सुताराला साध्या हत्यारांनी करता येत आणि वेताची बैठक फाटली तर पुन्हा विणता येई. ब्राझीलच्या कांपाना बंधूंनी झोपडपट्टीतल्या बांधकामावरून सुचलेली, लाकडाच्या चिरफाळ्या ठोकून केलेली खुर्ची तर आणखी अवघड प्रश्न उभा करते. गरिबाची जुगाडी हुशारी उचलून श्रीमंताच्या दिवाणखान्यात ठेवली, तर त्यातलं गरिबाकडे परत काय गेलं? आपल्याकडे बुरूड कारागिराकडून बांबूची खुर्ची करवून घेऊन तिच्यावर फक्त डिझायनरचं नाव टाकणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं. हा आक्षेप मात्र नवेपणावरचा नाही, हिशेबावरचा आहे. दोघांची नावं आणि नगामागे ठरलेली रक्कम करारात लिहिली की तो पुष्कळसा मिटतो.

आता नागपूरचे स्वतःचे प्रश्न, ज्यांची उत्तरं दुसऱ्या कोणाच्या कॅटलॉगमध्ये सापडणार नाहीत. पहिला उन्हाचा. दुपारच्या उन्हात धातूचं बाकडं ६० अंशांपर्यंत सहज तापतं. लाकूडही तापतं, पण स्पर्शाला कितीतरी कमी लागतं, कारण धातू आपली उष्णता त्वचेत झपाट्यानं ओततो आणि लाकूड ती धरून ठेवतं. ढोबळ हिशेब केला तर ६० अंशांच्या स्टीलला त्वचा टेकते तेव्हा स्पर्शाच्या जागचं तापमान ५५ अंशांच्या वर असतं. तेवढ्याच तापलेल्या लाकडाला टेकते तेव्हा ४० च्या आसपास. पहिल्यात काही सेकंदांत चटका, दुसऱ्यात नुसती ऊब. फोम आणि रेक्झिन हा तर या हवेला सर्वांत चुकीचा जोड आहे, कारण घामाची वाफ निघायला वाट नाही. बाजेची वीण हे याचं आपल्याकडचं जुनं उत्तर आहे. तिच्यात वारा खालून लागतो, झोळ अंगाच्या बेतानं पडतो आणि पट्टी सैल झाली की घरीच ओढून घट्ट करता येते. लोखंडी अँगलच्या चौकटी आणि पत्र्याचं काम करणारे कूलरवाले या शहरात गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या चौकटीवर बाजेची वीण, चौकटीची उघडी कड अंगाला लागू नये म्हणून वर सागाची पट्टी, अशी आरामखुर्ची दिसायला विचित्रच असेल. पण तिचे सगळे भाग चार किलोमीटरच्या आत मिळतील.

दुसरा प्रश्न ओलाव्याचा, आणि विद्यार्थ्यांच्या बहुतेक खुर्च्या इथेच मरतात. मे महिन्यातल्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांच्या खाली येते, ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर जाते. त्या मानानं लाकडातला ओलावा उन्हाळ्यात पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरतो आणि पावसाळ्यात पंधराच्या आसपास चढतो. सागवान कमी हलणारं लाकूड आहे. तरीही उभ्या खोडाची सरळ फळी पाडलेली चाळीस सेंटिमीटर रुंद सलग बैठक या दोन ऋतूंत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फुगते-आकसते. तिला चारही बाजूंनी स्क्रूंनी आवळून टाकलं की मे महिन्यात ती मधोमध उकलणार, लाकूड कितीही उंची असलं तरी. उपाय जुना आहे: पुढचा स्क्रू घट्ट, मागच्या स्क्रूला लांबट भोक, किंवा बैठक सलग न ठेवता पाच-सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यांची, मध्ये चार-पाच मिलिमीटर फट सोडून. पुण्या-मुंबईच्या हवेत तयार झालेलं फर्निचर इथे पहिल्याच उन्हाळ्यात बोलू लागतं ते याच कारणानं.

तिसरा प्रश्न शरीराचा. बाजारातल्या खुर्चीची बैठक सहसा ४५ सेंटिमीटर उंच असते. बुटक्या माणसाचे आणि आपल्याकडच्या बऱ्याच बायकांचे पाय तिथून जमिनीला पूर्ण टेकत नाहीत. मग बैठकीची कड मांडीच्या खालच्या बाजूला रुतते आणि पाय बधिर होतात. त्यांना ३८ ते ४० सेंटिमीटर सोयीचं. पण गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तेवढ्या खालून उठवत नाही. त्याला ४७-४८ सेंटिमीटर आणि रेटा द्यायला हात हवेत. शिवाय मांडी घालून बसण्याची सवय सुटलेली नाही आणि सुटावी असंही काही कारण नाही. त्यासाठी बैठक किमान ५५ ते ६० सेंटिमीटर खोल लागते, म्हणजे गुडघे बाहेर आले तरी घोटे टेकतात. एकाच उंचीचं सरळ बाकडं यातल्या कोणाचंच पुरतं भलं करत नाही. तीन उंचींचं, एका टोकाला खोल, दुसऱ्या टोकाला हात असलेलं बाकडं लोकांना बेढब वाटेल. दवाखान्याबाहेर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांना अंग टाकता येऊ नये म्हणून बाकड्याच्या मधोमध लोखंडी दांडे ठोकतात ते मात्र कोणाला विचित्र वाटत नाही. तोही विचारपूर्वक केलेला आकारच आहे, फक्त माणसाच्या विरोधात केलेला.

बांबूबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथे उत्साह भरपूर आणि माहिती कमी. आपल्या जंगलात मुख्यतः मानवेल आणि कटांग या दोन जाती. मानवेल बारीक आणि जवळपास भरीव असतो, कटांग जाड आणि पोकळ. खुर्चीच्या पायाला मानवेल चांगला, कारण भोक पाडलं तरी तो लवकर फुटत नाही. मात्र तो क्वचितच सरळ मिळतो, आचेवर तापवून सरळ करावा लागतो. तीन-चार वर्षांचा बांबू हिवाळ्यात तोडावा. कोवळ्या किंवा अवेळी तोडलेल्या बांबूत पिष्ट जास्त असतं, त्यावर भुंगा पोसतो आणि वर्षभरात खुर्चीखाली पिवळ्या पिठाचा सडा पडतो. त्यावर उपचार म्हणजे बोरिक अॅसिड एक भाग, बोरॅक्स दीड भाग, मिळून पाण्याच्या पाच-सहा टक्के, आणि आतले पडदे सळईनं फोडून बांबू त्यात आठवडाभर बुडवून ठेवणं. लोक विसरतात ते पुढचं: हे क्षार पाण्यात विरघळणारे असतात, पावसात धुऊन जातात. म्हणून बांबूचं बाकडं उघड्यावर ठेवायचं नाही, छपराखालीच ठेवायचं, आणि पाय जमिनीला न टेकवता लोखंडी बुटावर उभे करायचे. खिळा ठोकला की बांबू पेरभर उभा चिरतो; भोक पाडून बोल्ट लावायचा किंवा दोर आवळायचा, आणि तोही शक्यतो गाठीजवळ. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं सामूहिक वनहक्कातून २०११ मध्ये स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्याचा हक्क मिळवून दाखवला. दशकानुदशके बल्लारपूरच्या कागद कारखान्यात लगद्यासाठी गेलेला हा बांबू आहे. थोनेट कारखाना घेऊन बीचच्या जंगलाकडे गेला. आपण जंगलाशेजारी असून खुर्चीचा साचा बाहेरून मागवतो.

‘ही कला आहे’ म्हणणाऱ्या बाजूला आता थेट विचारायला हवं. खुर्ची म्हणून मांडलेल्या वस्तूला वजन पेलता येत नसेल, तर तिला खुर्ची का म्हणायचं? शिल्प म्हणा, मग भांडण नाही. खुर्ची म्हणायचं असेल तर निदान एक हिशेब दाखवा. माणूस मागे रेलतो तेव्हा पाठीवर बैठकीपासून चाळीस सेंटिमीटर उंचीवर सुमारे तीस किलोचा रेटा येतो असं धरा. बाजूची पट्टी पाच सेंटिमीटर रुंद असेल तर मागच्या पायाच्या सांध्यात कुसवाच्या वरच्या आणि खालच्या कडेत जेमतेम चार सेंटिमीटर अंतर मिळतं. तीस गुणिले चाळीस भागिले चार, म्हणजे तीनशे किलोची ओढ, दोन सांध्यांत वाटून प्रत्येकी दीडशे. खुर्ची नेहमी मागच्या पायाशी का निखळते ते यातून कळतं. खाली पंचवीस सेंटिमीटरवर एक आडपट्टी दिली की तीच ओढ प्रत्येक बाजूला पंचवीस किलोच्या आत येते. ‘आडपट्टीनं रेषा बिघडते’ म्हणून ती काढून टाकणाऱ्यानं तो भार दुसरीकडे कुठे नेला हे सांगायला हवं: जाड पट्टी, पोलादी कोपरा, सलग वाकवलेला पाय, काहीही चालेल. वर्नर पँटनची एकसंध, मागचे पाय नसलेली प्लास्टिकची खुर्ची १९६७ मध्ये बाजारात आली. पुढे वापरलेलं प्लास्टिक जुनं होऊन तडकू लागलं आणि १९७९ मध्ये उत्पादन थांबवावं लागलं. पण कलाकृती म्हणून तिची पाठराखण करत कोणी तडे झाकले नाहीत. साहित्य बदलत राहिले आणि १९९९ मध्ये पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकमध्ये ती टिकाऊ आणि स्वस्त झाली. कलेला सूट मागणाऱ्यांनी तीस वर्षांची ही चिकाटी बघावी.

करायचं काय, तेही अवघड नाही. १९५८ मध्ये ईम्स दांपत्यानं भारत सरकारला दिलेल्या अहवालात साध्या तांब्याला, म्हणजे लोट्याला, प्रश्न विचारले होते: डोक्यावर, कमरेवर, हातात कसा धरला जातो, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, आतलं पाणी गरम असेल तर हातात धरवतो का, खाली ठेवताना आवाज कसा येतो, किंमत किती. त्यातूनच १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. कॉलेजच्या प्रदर्शनात प्रत्येक खुर्चीशेजारी असा एक कागद असावा: वजन, बैठकीची उंची, साहित्य कुठून आणलं, कारागीर कोण, खर्च किती, कुठला सांधा आधी जाईल, आणि दुरुस्ती कोण करील. चाचणीसाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. बैठकीवर सिमेंटच्या पन्नास किलोच्या दोन गोण्या रात्रभर ठेवा, मग ऐंशी किलोच्या माणसाला मागे झुलायला सांगा आणि सांध्यावर पेन्सिलीनं आखलेली रेघ सरकली का ते बघा.

महानगरपालिकेला किंवा मेट्रोला बाकं घ्यायचीच असतील, तर एल-१ च्या एका ओळीच्या निविदेत, सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम, यात यातलं काहीच बसत नाही. त्याऐवजी तीन-चार वेगळ्या नमुन्यांना आधी मानधन द्यावं. मार्चमध्ये ते खऱ्या जागी, खऱ्या उन्हात ठेवावेत, ऑक्टोबरपर्यंत लोकांना बसू द्यावं आणि उन्हाळा-पावसाळा काढलेल्या नमुन्यालाच मोठी ऑर्डर द्यावी. दरात दहा वर्षांच्या दुरुस्तीचा खर्च धरावा, म्हणजे विणून देता येणारी बैठक आणि फेकून द्यावी लागणारी बैठक यांची तुलना सारख्या पातळीवर होईल. आणि नापास झालेल्या नमुन्याचेही ठरलेले पैसे कारागिराला वेळेवर मिळावेत. नाहीतर पुढच्या वर्षी मार्चमध्ये ठेवायला पुन्हा तेच स्टीलचं बाकडं उरेल.